इटालियन-स्पॅनिश आडनावे : शब्दकोश उघडण्याआधी शेपूट बघा

नामपट्टी (धागाकर्ता)

फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो : "अमक्याच्या आडनावाचा अर्थ काय हो?" मग कोणीतरी शब्दकोश उघडतो आणि सांगून मोकळा होतो. फ्लोरेस म्हणजे फुले. मेदिना अरबी शब्द, म्हणजे पूर्वज अरब. कोलोम्बो म्हणजे कबूतर. शब्दाचा अर्थ बरोबर, आडनावाचा चूक. आडनाव वाचताना क्रम उलटा हवा : आधी शेवटची दोन-तीन अक्षरे, मग ते कुठल्या प्रांतात दाट सापडते ते, आणि शब्दकोश सर्वांत शेवटी.

उच्चाराचे आधीच सांगतो. स्पेनच्या बऱ्याच भागात रोमन 'झेड'चा उच्चार जीभ दातांत धरून 'थ'सारखा होतो, लॅटिन अमेरिकेत सरळ 'स'. मी 'स' लिहितोय, उगाच भांडू नका.

सुरुवात स्पॅनिशपासून. स्पेनमधल्या सर्वांत मोठ्या दहा आडनावांपैकी आठांना एकच शेपूट आहे : रोद्रीगेस, गोन्सालेस, फेर्नान्देस, लोपेस, मार्तीनेस, सांचेस, पेरेस, गोमेस. (उरलेली दोन गार्सिआ आणि मार्तीन.) '-एस' (रोमन लिपीत शेवटी 'झेड') म्हणजे अमक्याचा मुलगा. रोद्रीगोचा रोद्रीगेस, सांचोचा सांचेस, पेरोचा म्हणजे पेद्रोचा पेरेस. शेपटातला स्वर बदलला तरी घाबरायचे नाही : मुन्योस (मुन्यो), ओर्तीस (ओर्तून), रुईस (रुई, म्हणजे रोद्रीगोच), दीआस (दिएगो) ही सगळी त्याच माळेतली.

हे सुरुवातीला आडनाव नव्हतेच, दर पिढीला बदलणारे बापाचे नाव होते. उत्तम नमुना म्हणजे एल सिद, तोच तो बालेन्सिआ जिंकणारा, १०९९ मध्ये वारलेला योद्धा. त्याच्या घरातल्या पिढ्या ओळीने वाचा : लाईन नुन्येस, त्याचा मुलगा दिएगो लाईनेस, त्याचा मुलगा रोद्रीगो दीआस (हाच एल सिद), त्याचा मुलगा दिएगो रोद्रीगेस. चार पिढ्या, चार "आडनावे", घर एकच. पुढे केव्हातरी हे चाक थांबले आणि ज्या पिढीत थांबले तिथल्या बापाचे नाव कायमचे चिकटले. त्यामुळे दोन रोद्रीगेस एकमेकांचे भाऊबंद असतील हे समजणे म्हणजे दोन पाटलांना चुलतभाऊ समजण्यासारखे आहे.

आता फ्लोरेस. शब्द फुलांचा, पण आडनाव फ्लोरो किंवा फ्रुएला या जुन्या व्यक्तिनावांवरून आले. फ्लोरेस हे रूपही सापडतेच, शेवटी 'झेड' असलेले. इबान्येस आणि यान्येस बघून कोणाला सुचणार नाही, पण दोन्ही हुआनचे, म्हणजे जॉनचे, मुलगे. लोपेस हा लोपेचा, आणि लोपे आला लॅटिन 'लुपुस'वरून, म्हणजे लांडगा.

इटलीत शेपटांचा बाजार मोठा. तिथला सर्वांत उपयोगी नमुना लोहार. लॅटिनमध्ये लोहाराला दोन शब्द, 'फाबेर' आणि 'फेर्रारिउस'. पहिल्यापासून फाब्ब्री, फाब्रिस आणि व्हेनेतो प्रांतात फावेरो, फावारो. दुसऱ्यापासून एमिलिया आणि लोम्बार्दीत फेर्रारी, पिएमोन्तेत फेर्रेरो, दक्षिणेत फेर्रारो. मोटारवाले, चॉकलेटवाले आणि कालाब्रियातला एखादा फेर्रारो, सगळ्यांचा धंदा एकच, फक्त जिल्हे वेगळे. हाच लोहार स्पेनमध्ये गेला की कास्तियात एर्रेरो, कातालोन्यात फेर्रेर, गालिसियात फेर्रेइरो. कास्तियन भाषेत (आपण जिला स्पॅनिश म्हणतो तीच) लॅटिनचा सुरुवातीचा 'फ' झिजून 'ह' झाला आणि मग तोही मुका झाला, फक्त लिहिण्यात उरला. फेर्नान्देस आणि एर्नान्देस ही जोडी त्यातूनच आली.

रंगरूप, व्यंग, सवय यांवरची नावे दोन्हीकडे सारखी. तांबड्या केसांचा रॉस्सी (इटलीतले सर्वांत मोठे आडनाव), दक्षिणेत तोच रुस्सो. कुरळ्या केसांचा रिच्ची, स्पेनमध्ये क्रेस्पो. डावखुरा मान्चिनी, स्पेनमध्ये इस्किएर्दो. टकला काल्वी आणि काल्वो. इटालियन लोक क्रियापद जोडून जे करतात ते मात्र खासच : बेव्हीलाक्वा म्हणजे 'पाणीपी', ताल्याफेर्री 'लोखंडकापे', मांजापाने 'भाकरखाऊ' (म्हणजे बसून खाणारा), पाप्पालार्दो 'चरबीगिळू'. बेव्हीलाक्वा दारू न पिणाऱ्याला म्हणत, आणि चेष्टेने पिणाऱ्यालाही.

गावावरून पडलेल्या नावांचा नियम आपल्या '-कर'सारखाच : गाव सोडल्यावर गाव चिकटते. पुल्येसे म्हणजे पुलियाचा, पण पुलियात सगळेच पुल्येसे, तिथे त्या नावाने कोणाला हाक मारणार? ते शेजारच्या प्रांतात जाऊन मिळते. नाव्हार्रो, गाय्येगो, तोलेदानो, लोम्बार्दी, ग्रेको, कातालानो, सगळ्यांचे तसेच. मेदिना शब्द अरबी खरा, पण स्पेनमध्ये मेदिना देल काम्पो, मेदिना सिदोनिया अशी अनेक गावे आहेत. आडनाव त्या गावच्या माणसाचे, धर्म कोणताही असो.

खडूफळा

छान धागा. एका ठिकाणी घाई झाली आहे. इटालियन आडनावांच्या शेवटच्या '-ई'बद्दल काहीच लिहिले नाही, आणि तोच सर्वांत जास्त विचारला जाणारा मुद्दा.

रॉस्सी, बिआंकी, फेर्रारी, मार्तीनी. यातली '-ई' दोन दारांनी आली. एक, इटालियन अनेकवचन : 'रॉस्सी' म्हणजे रॉस्सो मंडळी, आपण 'जोशी मंडळी' म्हणतो तसे. फ्लोरेन्सच्या जुन्या कागदांत 'अल्बेर्तींपैकी याकोपो' अशीच रचना सापडते. दुसरे दार लॅटिन षष्ठीचे. नोटरी आणि पाद्री लॅटिनमध्ये लिहीत, 'फिलिउस पेत्री' म्हणजे पेत्रुसचा मुलगा. मधला 'फिलिउस' गळला, पेत्री उरले. रंगरूपाच्या नावांत अनेकवचन जास्त पटते, व्यक्तिनावांत दोन्ही दारे उघडी. दक्षिणेत '-ओ' टिकून राहिला, म्हणून रुस्सो, ग्रेको, एस्पोसितो, फेर्रारो. सरसकट लागू होणारा नियम नाही, पण अनोळखी आडनाव '-ई'वर संपले तर मी आधी रोमच्या उत्तरेला बोट ठेवतो.

बाकीची शेपटे पटापट :

'-न'वर थांबणारी व्हेनेतोची. तिथल्या बोलीत शेवटचा स्वर गळतो. बेनेत्तोन, त्रेव्हिसान (त्रेव्हीझोचा), फुर्लान (फ्रिउलीचा).

'-उ' किंवा '-स' असेल तर सार्दिनिया. कादेद्दू, पिरास, मेलिस.

शेवटच्या 'आ'वर आघात, जसे लागाना, तर कालाब्रिया किंवा पूर्व सिसिली. हे ग्रीक व्यवसायनामांचे शेपूट, लागाना म्हणजे भाजीवाला.

'-इएल्लो' नेपल्सच्या आसपासचे.

आणि 'झान' सुरुवातीला दिसले की तो जोव्हान्नी, म्हणजे जॉनच. तोस्कानाचा 'ज' व्हेनेतोत 'झ' होतो. झानेत्ती, झानीनी, झानेल्ला.

पाटावरवंटा

'-ईनी' आणि '-ओनी'? मार्कोनी, पुच्चीनी?

खडूफळा

'-ईनी', '-एल्ली', '-एत्ती', '-उच्ची' लाडाची किंवा लहानपणाची, '-ओनी' मोठेपणाची. मार्कोनी म्हणजे मोठा किंवा धिप्पाड मार्को. मार्तीनेल्ली म्हणजे छोट्या मार्तीनोचे घर.

पण खरी मेख वेगळी आहे. आपण नाव लाडाने छोटे करतो तेव्हा शेपूट कापतो : पांडुरंगचा पांडू, ज्ञानेश्वरचा ज्ञाना. इटालियन लोक डोके कापतात. लोरेन्झोचा रेन्झो, त्याचे रेन्झी. फिलिप्पोचा लिप्पो, त्याचे लिप्पी. जोव्हान्नीचा व्हान्नी किंवा नान्नी. लेओनार्दो किंवा बेर्नार्दोचा नार्दो, मग नार्दी. बार्तोलोमेओचा मेओ, त्याला लाडाचे शेपूट लावून मेउच्चो, आणि मेउच्ची तयार. फ्रान्चेस्कोचा चेक्को, त्याचे चेक्की. शब्दकोशात 'मेउच्ची' जन्मभर सापडणार नाही. म्हणून अर्थ लागत नसेल तर शेवटचे लाडाचे शेपूट काढा आणि पुढे जे उरेल त्याआधी काय असेल याचा अंदाज बांधा.

माहेरवाशीण

कादंबरीकार गार्सिआ मार्केसला ग्रंथालयात 'म'खाली ठेवतात तेव्हा फार चिडचिड होते. गार्सिआ वडिलांचे, मार्केस आईचे. 'ग'खालीच हवा.

स्पॅनिश पद्धत सोपी आहे. प्रत्येकाला दोन आडनावे, वडिलांचे पहिले आडनाव आणि आईचे पहिले आडनाव. लग्नाने बाईचे नाव बदलत नाही. आईचे आडनाव एका पिढीने गळते, कारण नातवंडांकडे तिच्या मुलाचे पहिलेच जाते. आता स्पेनमध्ये कायद्याने आईवडील क्रम ठरवू शकतात : १९९९ पासून आईचे आधी लावायची मुभा आली, आणि ३० जून २०१७ पासून बापाचे आपोआप पहिले ही समजूतच काढून टाकली. दोघांनी मिळून सांगायचे, एकमत नसेल तर नोंदणी अधिकारी बाळाचे हित बघून ठरवतो. पहिल्या मुलाचा क्रम धाकट्यांनाही लागू, भावंडांत भेद नाही.

गोंधळ कुठे होतो तर पहिले आडनाव फार सामान्य असले की लोक दुसऱ्यानेच हाक मारतात. पंतप्रधान रोद्रीगेस सापातेरो, सगळे म्हणायचे सापातेरो (म्हणजे चांभार). कवी गार्सिआ लोर्का, झाला लोर्का. पाब्लो रुईस पिकासोने तर वडिलांचे रुईस टाकूनच दिले. पिकासो हे आईचे, आणि ते मूळचे स्पॅनिशही नव्हे, जेनोआजवळच्या सोरी गावचे. दोन भाषांच्या या धाग्यात तो चपखल बसतो. चित्रकार बेलास्केसही तसाच : वडील रोद्रीगेस दे सिल्वा, बेलास्केस आईकडचे.

आणि सान्तिआगो रामोन इ काहाल ही दोन माणसे नव्हेत हो! १९०६ चे नोबेल गॉल्जीबरोबर वाटून घेणारा एकच शास्त्रज्ञ. 'इ' म्हणजे 'आणि'. रामोन हे व्यक्तिनाव म्हणूनही चालते, त्यामुळे ते आडनाव आहे हे कळावे म्हणून मध्ये 'इ' घालतात. तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गास्सेतही तसेच.

नामपट्टी

इटलीचे जोडतो. तिथेही बायको कागदोपत्री माहेरच्याच नावाने राहते. १९७५ च्या कायद्याने नवऱ्याचे आडनाव आपल्याला 'जोडता' येते, पण स्वतःचे जात नाही. मुलांना मात्र एकट्या बापाचे मिळायचे. २०२२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने (निकाल क्रमांक १३१) ते घटनाबाह्य ठरवले. आता नियम दोघांच्या आडनावांचा, क्रम आईबापांनी ठरवायचा, एकच हवे असेल तर दोघांची संमती.

उंबरठा

धागाकर्त्याने कोलोम्बोचे नाव घेऊन सोडून दिले. ती गोष्ट सांगायलाच हवी, कारण अर्थ शब्दकोशात नसतो याचा तो सर्वांत चांगला दाखला आहे.

मिलानमधल्या ओस्पेदाले माज्जोरे या मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर. तिथे सोडून दिलेल्या बाळांना १८२५ पर्यंत कोलोम्बो हे आडनाव देत. म्हणून मिलानच्या परिसरात कोलोम्बो इतके दाट आहेत. मात्र सगळेच कोलोम्बो तसे नव्हेत. क्रिस्तोफर कोलंबस पंधराव्या शतकातला आणि जेनोआचा, त्याचा या रुग्णालयाशी संबंध नाही. कबुतरे पाळणाऱ्यालाही हे नाव पडे.

नेपल्समध्ये आन्नुन्त्सिआताच्या अनाथालयाच्या भिंतीत लाकडी फिरते कपाट होते, 'रुओता' म्हणजे चाक. बाहेरून बाळ ठेवायचे, कपाट फिरवायचे, घंटा वाजवायची, आतली बाई बाळ उचलून घ्यायची. दोघींना एकमेकींचे तोंड दिसत नसे. नोंदवहीत लॅटिन 'एक्स्पोसितुस', म्हणजे बाहेर ठेवलेला. त्याचे झाले एस्पोसितो. आजही ते काम्पानिया प्रांतातले मोठे आडनाव आहे. ते चाक १८७५ मध्ये बंद झाले. स्पेनमध्येही हाच शब्द, एक्स्पोसितो.

शहरागणिक शिक्का वेगळा. रोममध्ये प्रोयेत्ती (टाकलेला). सिसिलीत त्रोव्हातो (सापडलेला). फ्लोरेन्समध्ये इन्नोचेन्ती आणि नोचेन्तीनी, तिथल्या 'निष्पापांच्या' अनाथालयावरून. इमारत ब्रुनेल्लेस्कीची, आणि पहिले बाळ ५ फेब्रुवारी १४४५ ला आले, आगाता स्मेराल्दा नावाची मुलगी. पुढे हा शिक्का नको म्हणून मुलांना मनाने रचलेली वेगवेगळी आडनावे देऊ लागले. ती तर कुठल्याच शेपटाच्या नियमात बसत नाहीत.

वसईचा वारा

आमच्याकडची आडनावे स्पॅनिश नव्हेत, पोर्तुगीज आहेत, हे आधी. 'अमक्याचा मुलगा' छापाच्या नावांत ओळखायची खूण शेवटचे रोमन अक्षर. 'झेड' असेल तर स्पॅनिश, 'एस' असेल तर पोर्तुगीज. फर्नांडिस, गोन्साल्विस, रॉड्रिग्स, लोपिस, अल्वारिस, नुनिस, पिरिस (म्हणजे पेरेस), डायस, मेंडिस. शेपूट तेच, चुलतभाऊ म्हणा. आणि वर लोहार सांगितला ना, त्याच्या घरातला फेरेरा आमच्याकडे आहे : फेरेरा म्हणजे लोखंडाची जागा, स्पॅनिशमध्ये एर्रेरा. फुर्तादो तिकडे उर्तादो. पोर्तुगीजने 'फ' सोडला नाही.

लोपिस आणि लोबो दोघेही लांडगेच, एक बापाच्या नावावरून, एक थेट. बास्कमध्ये तोच ओचोआ, इटलीत लूपी. नोरोन्या घराण्याचे नाव मुळात स्पेनमधल्या आस्तुरियासच्या नोरेन्या गावावरून पोर्तुगालमध्ये गेले आणि तिथून गोव्यात. डिसोझा म्हणजे उत्तर पोर्तुगालच्या सोझा नदीकाठचा. परेरा नासपतीच्या झाडाचा, कार्व्हालो ओक वृक्षाचा.

पण यावरून कोणी वंशावळ काढू नये. इथे बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव लागले. एका गावातले सगळे डिसोझा एका रक्ताचे नसतात आणि सोझा नदी त्यांच्या पूर्वजांनी बघितलेलीही नसते.

दीपमाळ

वसईचा वारा, झेवियर राहिले! गोव्यात सगळ्यांच्या तोंडी असलेले नाव, पण ते पोर्तुगीज नाही, स्पॅनिशही नाही, बास्क आहे. बास्क लोकांत आडनाव म्हणजे घराचे नाव. 'एचे' घर, 'बेर्री' नवे, म्हणून एचेबेर्रिआ, 'नवे घर'. झिजून त्याचे हाविएर आणि झेवियर झाले. संत फ्रान्सिस (जन्म १५०६, गोव्यात आगमन १५४२) नाव्हार्रातल्या त्या किल्ल्यात जन्मला. वडील हुआन दे हास्सो, आई आस्पिल्कुएता घराण्यातली. म्हणजे त्याला आपण ज्या नावाने ओळखतो ते ना बापाचे, ना आईचे, किल्ल्याचे.

बास्क नावांची चावी : 'मेंदी' डोंगर, 'इबार' दरी, 'एचे' घर, 'गोई' वरचे, 'एलिसा' चर्च. मेंदोसा थंड डोंगर, एलिसोंदो चर्चपाशी, गोइकोएचेआ वरचे घर, बोलीवार गिरणीची दरी. आर्जेन्टिनाचा फुटबॉलपटू हाविएर झानेत्ती बघा : नाव बास्क घराचे, आडनाव उत्तर इटलीतल्या जॉनचे.

गलबत

आडनाव आणि रक्त यांची फारकत बघायची तर फिलिपिन्स. नोव्हेंबर १८४९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने फर्मान काढले, कारण कर आणि जनगणनेच्या वह्या जुळत नव्हत्या. स्पॅनिश आणि स्थानिक शब्दांची वर्णानुक्रमे सूची छापली आणि तिची पाने गावोगाव वाटली. ज्या गावाला जे पान मिळाले त्या अक्षराची आडनावे त्या गावाला. अल्बाय प्रांतातल्या ओआसमध्ये आजही 'र'ने सुरू होणाऱ्यांचा भरणा आहे. तिथला एखादा रेयेस स्पॅनिश वंशाचा आहे असे धरून चालणे म्हणजे हजेरीपटावरून नाते जुळवणे.

पाटावरवंटा

दा विंची, दी स्तेफानो, दे लुका यातला दा, दी, दे? सरदार घराण्याची खूण ना?

खडूफळा

बहुतेक वेळा नाही. 'दी' आणि 'दे' म्हणजे अमक्याचा : दी स्तेफानो स्तेफानोचा, दे लुका लुकाचा. साधे बापाचे नाव. 'दा' म्हणजे अमुक गावाहून. लेओनार्दोला आडनावच नव्हते, तो विंची गावचा, सेर पिएरोचा मुलगा. म्हणून यादीत त्याला 'ल'खाली लावतात, 'द'खाली किंवा 'व'खाली नव्हे. दे लुका मात्र 'द'खाली. चित्रकार काराव्हाज्जोचेही तसेच, ते गाव, आडनाव मेरीसी. आणि गालिलेओ गालिलेई हे पुनरुक्त का वाटते? त्यांच्या घराण्यात गालिलेओ बोनायुती नावाचा नामांकित वैद्य होऊन गेला, घराण्याने बोनायुती सोडून त्याचे पहिले नाव आडनाव केले.

बारकोड

मूळ शोधायचेच असेल तर कामाचा क्रम असा ठेवा.

सर्वांत जुन्या कागदावरचे स्पेलिंग पकडा, आजचे नको. लोक सांगतात की न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर (स्थलांतरित तिथे उतरत) कारकुनाने नाव बदलले. तसे होत नसे, प्रवाशांच्या याद्या जहाज सुटणाऱ्या बंदरात तयार होत आणि बेटावर फक्त ताडून बघत. नाव बदलले ते पुढे शाळेत, कारखान्यात, नागरिकत्वाच्या अर्जात.

मग नकाशा. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावर आडनाव टाकले की प्रांतवार संख्या मिळते, पहिले आडनाव म्हणून किती आणि दुसरे म्हणून किती हेही. फार दुर्मीळ आडनावे ते दाखवत नाहीत. इटलीसाठी आडनावांचे वितरण दाखवणारे नकाशे जालावर आहेत. मिलान, तुरीन आणि रोमचे ठिपके आधी मनातून पुसा, तिथे सगळा देश नोकरीला आला आहे.

मग कागद. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचे 'अंतेनाती' हे संकेतस्थळ फुकट आहे. नागरी नोंदी नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून, सिसिलीत १८२० पासून, एकीकरणानंतर बहुतेक देशात १८६६ पासून. त्याआधी चर्चच्या वह्या. कॅथलिक चर्चची त्रेन्तची धर्मसभा १५६३ मध्ये संपली आणि तिथून बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या सक्तीच्या झाल्या. आडनावे घट्ट होण्याचे मोठे कारण त्या वह्याच. स्पेनमध्ये नागरी नोंदणी १ जानेवारी १८७१ पासून.

नोंद वाचताना दोन शब्द लक्षात ठेवा. 'जुसेप्पे दी पिएत्रो' म्हणजे पिएत्रो तेव्हा हयात. 'जुसेप्पे फू पिएत्रो' म्हणजे पिएत्रो कैलासवासी. १८४० च्या नोंदीत 'दी' आणि १८४४ च्या नोंदीत 'फू' असेल तर मृत्यूची नोंद कुठल्या पाच वह्यांत शोधायची ते फुकटात कळले. 'फू'ला आडनावाचा भाग समजून शोध घेणारे रिकाम्या हाताने परततात. बापाच्या जागी 'एन. एन.' दिसले तर बाप अज्ञात, तिथे त्या बाजूचा शोध संपतो. बाई शोधताना माहेरचे आडनाव टाका.

उंबरठा

घराण्याचे मानचिन्ह विकणाऱ्या दुकानांबद्दलही लिहा कोणीतरी.

बारकोड

आडनावाला मानचिन्ह नसते, विशिष्ट घराण्याला असते. रॉस्सी आडनावाचे चिन्ह म्हणून जी ढाल विकतात ती कुठल्यातरी एका रॉस्सी घराण्याची. चहाच्या कपावर शोभते, पुरावा म्हणून नाही.

तीच गत "ही आडनावे ज्यूंची" म्हणून फिरणाऱ्या याद्यांची. स्पेनने २०१५ च्या कायद्याने सेफार्दी (मूळच्या स्पेनमधल्या) ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देऊ केले तेव्हा अशा याद्यांना ऊत आला. सरकारने अशी यादी कधीच काढली नव्हती. इटलीतल्या काही ज्यू घराण्यांची नावे गावांवरून आहेत हे खरे : मोदेना, आन्कोना, पेझारो. उलटे मात्र खरे नाही, गावाचे नाव असलेला प्रत्येक जण ज्यू नव्हे. पेरेस ख्रिस्ती घरातही आहे आणि ज्यू घरातही.

फॉर्मभरणे

तिकडे राहायला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी, कारण आडनावाची त्यांची पद्धत आपल्याला नडते.

स्पेनच्या अर्जात तीन रकाने : पहिले आडनाव, दुसरे आडनाव, नाव. आपण 'सुनील गणेश पाटील' असे लिहितो, आणि समोरचा गणेशला पहिले आडनाव समजून पाटीलला दुसऱ्यात ढकलतो. पासपोर्टवर वडिलांचे नाव दिलेल्या नावाच्या रकान्यात असेल तर इथेही 'सुनील गणेश' नावाच्या रकान्यात, पाटील पहिले आडनाव, दुसरा रकाना रिकामा. पहिल्याच कागदावर हे बरोबर झाले का ते खिडकीवरून हलण्याआधी बघा, पुढचे सगळे त्यावरून उतरवतात. नागरिकत्व घेताना मात्र दोन आडनावे लागतातच, आणि दुसरे आईचे माहेरचे. आपल्या जन्मदाखल्यावर आईचे सासरचे नाव असते, तेव्हा तिचा जन्माचा किंवा शाळेचा दाखला आधीच शोधून ठेवा.

इटलीत करक्रमांक सोळा अक्षरांचा. पहिली तीन आडनावाची व्यंजने, पुढची तीन नावाची, व्यंजने कमी पडली तर स्वर. मारिओ रॉस्सीचे 'आरएसएस-एमआरए' होते (हसू नका, तिथल्या नमुना अर्जावर खरोखर हेच असते). नावात चार किंवा जास्त व्यंजने असतील तर पहिले, तिसरे आणि चौथे घेतात. म्हणून नुसत्या 'सुनील'चे 'एसएनएल', पण 'सुनील गणेश'चे 'एसएलजी'. बँकेत एक आणि पासपोर्टवर दुसरे नाव दिले तर संगणक दोन माणसे मानतो. शेवटी जन्मस्थानाच्या खुणेत 'झेड२२२' दिसले तर दचकू नका, तो भारताचा क्रमांक.

पाटावरवंटा

शेवटचा एक. स्पॅनिशमधल्या 'एन'वरची नागमोडी रेघ नाही टाकली तर बिघडते का?

माहेरवाशीण

बिघडते. ते वेगळे अक्षर आहे, 'न्य'. पेन्या म्हणजे कडा, खडक. रेघ गेली की पेना, म्हणजे दुःख. आणि पेना हेही गालिसियात स्वतंत्र आडनाव आहे, तिथल्या भाषेतले खडकाचे. त्यामुळे विमानाच्या तिकिटावर रेघ नसलेले 'पेना' बघून माणूस कुठला ते सांगता येत नाही, त्याचा पासपोर्ट उघडून छापील नाव बघावे लागते. आघाताची तिरकी रेघ गेली तर फक्त उच्चार चुकतो. 'पेरेस'वर ती पहिल्या 'ए'वर असते, नसेल तर वाचणारा शेवटच्या अक्षरावर जोर देईल. मुन्योस आणि ओर्तीसवर नसते, कारण तिथे जोर शेवटीच आहे.